आज्ञावलीआधी नियमांचे स्थलांतर

बेंगळुरूत हेब्बाळच्या उड्डाणपुलाच्या आसपास दोन निराळी जगे एकमेकांच्या अगदी निकट नांदतात. बाह्यवर्तुळ रस्त्यालगत माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. बल्लारी रस्त्यावर राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो आणि कृषी विद्यापीठाचे जुने आवार आहे. पहिल्या जगात देशोदेशीच्या संस्थांच्या संगणकीय यंत्रणा जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर हलविण्याचे काम अहोरात्र चालते. दुसऱ्या जगात टाचणीवर टोचलेले कीटक, मित्रकीटकांच्या वसाहती आणि सर्वेक्षणाच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या जातात. या दोन जगांचा परस्परांशी फारसा संवाद नाही. मात्र जुनी व्यवस्था सोडून नवी स्वीकारताना सोबत काय न्यावे आणि मागे काय ठेवावे, हा प्रश्न दोघांनाही सारखाच लागू आहे. कृषी संशोधन संस्थांनी त्याचे उत्तर केवळ पहिल्या जगावर सोपवू नये.

हा विषय आताच मांडण्याचे कारण एका तारखेत आहे. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट या सहकार्य मंचाच्या २०१६ आणि २०१९ या सर्व्हर आवृत्त्यांना कंपनीकडून मिळणारे पाठबळ १४ जुलै २०२६ रोजी संपते. २०१० ची आवृत्ती १३ एप्रिल २०२१ रोजी आणि २०१३ ची ११ एप्रिल २०२३ रोजी याच मार्गाने गेली. पाठबळ संपले म्हणून सर्व्हर त्या दिवशी बंद पडत नाही. परंतु सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे थांबते आणि आंतरजालाशी जोडलेला असा सर्व्हर चालू ठेवणे धोक्याचे ठरते. साहजिकच कार्यालयांत घाई सुरू होते. निविदा निघतात, मुदती ठरतात आणि ‘सर्व काही जसेच्या तसे नव्या मंचावर आणावे’ असे एक वाक्य करारात लिहिले जाते. अडचणीचे मूळ बहुधा या वाक्यातच असते.

संशोधन संस्थेत असा मंच येतो तो फायली एकत्र ठेवण्यासाठी. हळूहळू त्यावर संस्थेच्या गरजेची कामे चढत जातात. ओळख पटविण्यासाठी आलेल्या कीटक नमुन्यांची नोंदवही तयार होते. प्रयोगशाळेतील वसाहतींची कोणती पिढी चालू आहे, याची यादी होते. प्रक्षेत्र चाचणीच्या परवानगीचा अर्ज होतो आणि त्याला मंजुरीची साखळी जोडली जाते. मंचाच्या मूळ सोयी अपुऱ्या पडल्या, की एखादा उत्साही शास्त्रज्ञ किंवा कंत्राटी प्रोग्रामर स्वतंत्र आज्ञावली लिहितो. दहा वर्षांनी ती लिहिणारा बदलून गेलेला असतो, सांगणारा निवृत्त झालेला असतो आणि नोंदवही मात्र रोज चालू असते. ती का चालते, हे कोणालाच नीट ठाऊक नसते. ती बिघडत नाही म्हणून कोणी विचारतही नाही.

शेअरपॉइंटच्या जुन्या आवृत्त्यांत अशी आज्ञावली थेट सर्व्हरवर बसविली जाई. तिला ‘फार्म सोल्यूशन’ म्हणत. येथील फार्म म्हणजे शेत नसून एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरचा समूह होय. सर्व्हर तिच्यावर पूर्ण विश्वास टाकी आणि ती सर्व्हरच्या आतील भागांचा मुक्तपणे वापर करी. २०१३ ची आवृत्ती आली तेव्हा जुनी संकेतस्थळे २०१० च्या रूपातच चालू ठेवण्याची सोय होती. त्यामुळे अनेकांनी निर्णय पुढे ढकलला. २०१६ च्या आवृत्तीने ती सोय काढून घेतली. मेघसेवेत, म्हणजे कंपनीच्या सामाईक सर्व्हरवर, संस्थेची आज्ञावली सर्व्हरवर चालविण्यास मुळातच वाव नाही. तेथे ती वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालावी लागते किंवा बाहेरच्या स्वतंत्र सेवेत न्यावी लागते. मंजुरीच्या जुन्या साखळ्याही तेथे टिकल्या नाहीत. २०१० च्या पद्धतीच्या साखळ्या मेघसेवेत २०२० मध्ये थांबविण्यात आल्या; २०१३ च्या पद्धतीच्या साखळ्यांसाठी २ एप्रिल २०२६ ही अखेरची तारीख ठरली. अर्ज तयार करण्याचे इन्फोपाथ हे साधनही १४ जुलै २०२६ लाच निरोप घेते. स्वतःच्या सर्व्हरवर सर्वांत नवी आवृत्ती बसविल्यास जुनी आज्ञावली अजूनही चालू शकते. परंतु तो मार्ग निवडणाऱ्यांनाही तिची पुन्हा जुळणी आणि चाचणी करावी लागतेच.

कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा भेद चटकन उमगावा. नाकतोड्याचे पिल्लू कात टाकत टाकत मोठे होते. प्रत्येक अवस्थेत त्याचा मूळ आराखडा कायम राहतो. पतंगाची अळी मात्र कोषात जाते. तिचे बहुतेक अवयव विरघळतात आणि आधीपासून सूक्ष्म रूपात जपलेल्या पेशीगुच्छांतून पंख, पाय आणि स्पर्शिका नव्याने घडतात. मंचाच्या एका सर्व्हर आवृत्तीवरून दुसरीवर जाणे हे बरेचसे कात टाकण्यासारखे आहे. सर्व्हरवरून मेघसेवेत जाणे हे कोषावस्थेसारखे. तेथे जुना आकार ‘जसाच्या तसा’ आणण्याचा हट्ट निरर्थक ठरतो. पाहायचे ते एवढेच, की नवा देह ज्यातून घडायचा ते पेशीगुच्छ शाबूत आहेत ना. संस्थेच्या बाबतीत हे पेशीगुच्छ म्हणजे आज्ञावलीत दडलेले कामाचे नियम.

नियम हरवणे म्हणजे काय, हे कापसाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यांच्या आधारे उपाययोजनेचा जो निकष सांगितला जातो तो असा : प्रति सापळा प्रति रात्र आठ किंवा अधिक पतंग, आणि तेही सलग तीन रात्री. समजा, एका गावातील सापळ्यात तीन रात्री अनुक्रमे ९, १० आणि ८ पतंग सापडले. दुसऱ्या गावात २, ३ आणि २२ सापडले. दोन्हीकडे सरासरी ९ येते. तथापि निकषानुसार पहिल्या गावात इशारा द्यायला हवा आणि दुसऱ्या गावात आणखी दोन रात्री वाट पाहायला हवी. जुन्या अर्जात दर रात्रीची नोंद स्वतंत्र होती आणि ‘सलग तीन’ ही अट आज्ञावलीच्या एका ओळीत होती. नव्या मंचावरील सुटसुटीत अर्जात सरासरीचा एकच रकाना ठेवला, तर आकडे बरोबर, आलेख देखणा आणि सल्ला चुकीचा, अशी स्थिती होईल. दुसऱ्या गावातील शेतकरी गरज सिद्ध होण्याआधीच फवारणीचा खर्च करील. सर्वेक्षणाचा मूळ हेतू अनावश्यक फवारणी टाळण्याचाच होता.

हे उदाहरण काल्पनिक असले तरी प्रश्न काल्पनिक नाही. २००८ मध्ये विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून महाराष्ट्रात क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. सर्वेक्षकांनी शेतातून आणलेल्या नोंदी संगणकावर जात, आर्थिक नुकसानीच्या पातळीशी त्यांची तुलना होई आणि कृषी विद्यापीठांतील तज्ज्ञांच्या सल्ल्यातून लघुसंदेश शेतकऱ्यांपर्यंत पोहोचत. पुढे १५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली कार्यान्वित केली. तीत छायाचित्रांवरून कीड ओळखण्याची सोय आहे. या यंत्रणा शेअरपॉइंटवरील नाहीत. परंतु कोणत्याही मंचावर पिढी बदलते तेव्हा पातळी, अटी आणि अपवाद नव्या घरात सुखरूप पोहोचले का, ही विचारणा सारखीच आवश्यक ठरते.

काही नियम आकड्यांत नसून क्रमात असतात. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूर परिसरात प्रथम आढळला. त्याच्या नियंत्रणासाठी बेंगळुरूच्या ब्युरोने २०१० मध्ये पोर्तो रिको येथून ॲसेरोफॅगस पपायी आणि आणखी दोन परोपजीवी आणले. आयातीचा परवाना, विलगीकरण, इतर उपयुक्त कीटकांना अपाय होत नाही याची परीक्षा आणि त्यानंतरच प्रक्षेत्रात सोडणे, असा त्या कामाचा क्रम असतो. यातील कोणतीही पायरी ओलांडता येत नाही, कारण सोडलेला कीटक परत बोलावता येत नाही. अशा कामाची मंजुरी संगणकावर चालत असेल, तर जुन्या साखळीत ‘आधीची परीक्षा पूर्ण असल्याशिवाय पुढचा अर्ज उघडू नये’ ही अट असते. नव्या साधनांत मंजुरीची साखळी अर्ध्या तासात जोडता येते. तीत चार अधिकाऱ्यांकडे एकाच वेळी संदेश जाण्याची सोयही असते आणि वेळ वाचतो म्हणून तिचे कौतुक होते. जैविक नियंत्रणाच्या कामात मात्र हा विलंब दोष नसून संरक्षण असते. प्रोग्रामरला हे ठाऊक असण्याचे कारण नाही; शास्त्रज्ञाने ते लिहून द्यायला हवे.

नोंदींचा इतिहास हा तिसरा भाग. कीटक संग्रहालयातील टाचणीवर नमुन्याखाली बारीक चिठ्ठ्या असतात : कोठे सापडला, कधी, कोणी गोळा केला आणि कोणी ओळखला. पुढे वर्गीकरण बदलले, तर नवी चिठ्ठी जोडली जाते. जुनी कधीही काढली जात नाही. हरभऱ्यावरील घाटेअळी जुन्या ग्रंथांत हेलिओथिस आर्मिजेरा या नावाने येते, आज ती हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा आहे. जुने नाव पुसले, तर जुन्या संशोधनाशी असलेला दुवा तुटतो. संगणकीय स्थलांतरात नेमके हेच सहज घडते. नोंदी हलविताना योग्य साधन किंवा योग्य अधिकार वापरले नाहीत, तर प्रत्येक नोंदीवर ‘तयार केल्याची तारीख’ म्हणून स्थलांतराचा दिवस आणि ‘तयार करणारा’ म्हणून स्थलांतर करणाऱ्या कंत्राटदाराचे खाते उमटते. पंधरा वर्षांत आलेले हजारो नमुने मग एकाच रविवारी एकाच माणसाने दाखल केल्यासारखे दिसतात. कार्यालयीन परिपत्रकांच्या बाबतीत ही किरकोळ गैरसोय ठरेल. नमुन्यांच्या बाबतीत तसे नाही. अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम नोंदली गेली ती २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्ग्याच्या मक्यावर. परकीय किडीच्या आगमनाची आणि प्रसाराची कालरेषा अशा तारखांवरच उभी असते.

जुन्या नोंदींचे मोल समजण्यासाठी बेंगळुरूच्याच येलहंका भागात जावे. तेथील पशुरोगविषयक राष्ट्रीय संस्था ‘निवेदी’ हिची नॅड्रेस ही प्रणाली आता दुसऱ्या आवृत्तीत चालते. पशुरोगांच्या संभाव्य प्रादुर्भावाचा जिल्हानिहाय इशारा ती दोन महिने आधी देते. असा अंदाज वर्तविण्यास मागील अनेक वर्षांच्या रोगनोंदी आणि त्या त्या काळचे हवामान लागते. प्रणालीचे रूप कितीही वेळा बदलावे. रोग कोठे आणि कधी दिसला ही जोडी विश्वसनीय राहिली, तरच इशाऱ्याला अर्थ राहतो.

मराठीत काम करणाऱ्या संस्थांपुढे आणखी एक अडचण असते. युनिकोड रुळण्यापूर्वी सल्लापत्रे आणि अहवाल निरनिराळ्या खासगी संकेतनांच्या अक्षरवळणांत टंकलिखित झाले. ती अक्षरवळणे जुन्या संगणकांवर होती म्हणून मजकूर वाचता येत होता. नव्या मंचावर तोच मजकूर अर्थहीन चिन्हांची रांग म्हणून अवतरतो. युनिकोडमधील मजकूरही सर्वस्वी निर्धोक नसतो. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील अर्धा र दोन वेगवेगळ्या संकेतनांनी लिहिला जाऊ शकतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. शोध घेताना मात्र एक सापडते आणि दुसरे निसटते. ज्या संस्थेच्या प्रत्येक पत्रकात हा शब्द येतो, तिने स्थलांतराच्या वेळीच सर्व मजकूर एका संकेतनात आणून ठेवणे श्रेयस्कर. पुढे ते काम कोणी करीत नाही.

याविरुद्ध दोन मते मांडली जातात आणि दोहोंत तथ्य आहे. पहिले मत असे, की स्वतंत्र आज्ञावलीचा मोहच सोडावा आणि मंचाच्या तयार सोयींत बसेल तेवढेच काम करावे. प्रत्येक आवृत्तीबदलाच्या वेळी होणारा खर्च पाहता हा सल्ला बहुतांशी योग्य आहे. सभागृहाचे आरक्षण, रजेचा अर्ज, वाहनाची मागणी यांसाठी स्वतंत्र आज्ञावली बाळगणे हा अपव्ययच होय. परंतु ‘सलग तीन रात्री’ ही अट तयार सोयींत बसत नसेल, तर अट सोडावी की सोय, याचा निर्णय शास्त्रीय आहे. तो माहिती तंत्रज्ञान विभागाने परस्पर घेऊ नये. दुसरे मत असे, की परदेशी मंचच टाळावा आणि देशी पर्यायाकडे वळावे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ई-ऑफिस शासकीय कार्यालयांत रुळले आहे आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांची ईमेल सेवाही झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर गेली आहे. स्वावलंबनाचे हे पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि मंच देशी असला, तरी त्यालाही आवृत्त्या असतात आणि न लिहिलेला नियम देशी मंचावरही तितक्याच सहजतेने हरवतो.

मग करावे काय? सर्वप्रथम जुन्या मंचावर कोणकोणती स्वतंत्र कामे चालतात याची मोजदाद करावी आणि गेल्या वर्षभरात ज्यांना कोणी हात लावला नाही ती वेगळी काढावीत. त्यांतील बहुतेकांचे स्थलांतर करण्याऐवजी त्यांच्या नोंदी साध्या, कोणत्याही साधनाने वाचता येतील अशा स्वरूपात जतन करणे पुरेसे ठरते. उरलेल्या प्रत्येक कामासाठी एक पानभर टिपण असावे : नोंद कोण करतो, कोणत्या अटीवर इशारा मिळतो, मंजुरीचा क्रम कोणता, अपवाद कोणते आणि हे सारे कशासाठी. टिपण साध्या भाषेत असावे आणि त्यावर संबंधित शास्त्रज्ञाची स्वाक्षरी असावी. आज्ञावली लिहिण्याचे काम या टिपणानंतर सुरू व्हावे. जुनी आज्ञावली वाचून नियम शोधता येतात, परंतु त्यांतील कोणता नियम हेतुपूर्वक ठेवला होता आणि कोणती केवळ त्या दिवशीची तडजोड होती, हे आज्ञावली सांगत नाही. ते निवृत्त सहकाऱ्याला दूरध्वनी करूनच कळते आणि तो दूरध्वनी वेळेत करायला हवा.

चाचणीच्या बाबतीत कृषी संस्थांची गरज इतर कार्यालयांहून वेगळी आहे. बँकेची किंवा कारखान्याची यंत्रणा दोन आठवडे जुन्या-नव्यासोबत चालवून पाहिली, की बहुतेक प्रसंग येऊन जातात. कीड सर्वेक्षणाची यंत्रणा एप्रिल-मे महिन्यांत तपासली, तर तिच्यातील महत्त्वाचे नियम एकदाही जागे होत नाहीत. गुलाबी बोंडअळीची अट पात्या-फुले लागल्यावर कामाला येते, घाटेअळीची रब्बीत. म्हणून जुनी आणि नवी व्यवस्था किमान एक पूर्ण हंगाम समांतर चालावी आणि दोहोंचे निष्कर्ष दर आठवड्याला ताडून पाहावेत. त्यासाठी जुन्या सर्व्हरची मुदत आड येण्याचे कारण नाही. तो बाहेरच्या आंतरजालापासून तोडून संस्थेच्या बंदिस्त जाळ्यात ठेवता येतो. हंगाम संपल्यावर त्यात नवी नोंद होऊ न देता तो केवळ वाचनासाठी राखता येतो. एका हंगामाचा हा जादा खर्च करारात पहिल्या दिवसापासून धरलेला असावा. नंतर तो मागितला, तर मिळत नाही.

शेवटचा मुद्दा जबाबदारीचा. संग्रहालयाला अभिरक्षक असतो. नमुना कोणाच्या ताब्यात आहे, हे नेहमी ठाऊक असते. संस्थेच्या संगणकीय नोंदवह्यांना असा अभिरक्षक क्वचितच असतो. प्रत्येक नोंदवहीसाठी एका शास्त्रज्ञाचे नाव आणि त्याची बदली झाल्यास पुढच्याचे नाव कार्यालयीन आदेशाने निश्चित करावे आणि नियमांचे टिपण दरवर्षी खरिपापूर्वी एकदा वाचून अद्ययावत करावे. बेंगळुरूच्या ब्युरोचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १९९३ मध्ये जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालय, २००९ मध्ये कृषी उपयुक्त कीटक ब्युरो आणि २०१४ मध्ये कृषी कीटक संसाधन ब्युरो, अशी त्या संस्थेची नावे आणि कार्यकक्षा बदलत गेली. तिच्या संग्रहातील नमुन्यांना मात्र प्रत्येक वेळी नव्याने जन्म घ्यावा लागला नाही, कारण त्यांची माहिती त्यांच्याच टाचणीवर होती.

१४ जुलै हा दिवस खरिपाच्या पेरण्यांच्या ऐन धामधुमीत येतो. त्या सुमारास संस्थांतील शास्त्रज्ञ प्रक्षेत्रावर असतील आणि मंचाच्या स्थलांतराचे निर्णय कार्यालयात होत असतील. ते निर्णय होण्यापूर्वी प्रत्येक विभागाने आपल्या नोंदवहीचे नियम एका कागदावर उतरवून माहिती तंत्रज्ञान विभागाच्या हाती दिले, तर नव्या मंचावरून शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर जाणारा सल्ला आजच्याइतकाच खरा राहील.